हिरवं लाकूड: नॅफ्थेनिक आम्लाचे क्षार कुठे टिकतात आणि कुठे फसतात

सुपारीच्या बागायतदाराला मोरचूद नवीन नाही. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी यांचं बोर्डो मिश्रण कोळेरोगावर फवारतात, आणि पाऊस लांबला की पुन्हा फवारतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यातलं तांबं बुरशीचा बंदोबस्त करतं. मग हेच मोरचूद पाण्यात कालवून घणसोलीतल्या एखाद्या कुंपणाच्या खांबाला का लावू नये?

लावता येतं, पण राहत नाही. पाण्यात विरघळून जे लाकडात शिरलं, ते पाण्यात विरघळूनच बाहेर येतं. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्यात ते तांबं खांबातून उतरून बुंध्याशी मातीत जातं. शिवाय मोरचुदाचं पाणी लोखंडी खिळे खातं, ते वेगळंच.

म्हणजे तांबं लाकडात न्यायचं, तिथेच बसवायचं आणि पाण्याला त्याच्यापासून लांब ठेवायचं. यासाठी तांब्याला तेलात विरघळणारं करावं लागतं. हे काम नॅफ्थेनिक आम्ल करतं. कॉपर नॅफ्थेनेट, झिंक नॅफ्थेनेट ही त्याची धातूंबरोबर झालेली लग्नं. रसायनाच्या भाषेत हे धातूंचे साबण आहेत. अंगाचा साबण सोडियमचा असतो आणि पाण्यात विरघळतो. तांब्याचा किंवा जस्ताचा साबण पाण्यात विरघळत नाही, टर्पेंटाईनमध्ये आणि रॉकेलमध्ये विरघळतो. या एका फरकावर पुढचा सगळा व्यवहार उभा आहे.

आम्ल येतं कुठून

खनिज तेलात थोडी आम्लं मुळातच असतात. बाकू, व्हेनेझुएला, कॅलिफोर्निया इथल्या काही जड तेलांत ती जास्त सापडतात. त्यांच्या रेणूत कार्बनच्या पाच किंवा सहा अणूंचं एक वलय, कधी दोन-तीन वलयं, त्याला जोडलेली छोटी साखळी आणि टोकाला आम्लाचा गट असतो. हा एकच पदार्थ नसून शेकडो भावंडांचं मिश्रण आहे. त्यामुळे त्याला एक ठरलेला उत्कलनबिंदू किंवा एक ठरलेलं वजन नसतं. बाजारात ते आम्लांकावरून विकलं जातं: १ ग्रॅम आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतो तो आकडा. व्यापारी मालाचा आम्लांक साधारण १५० ते ३०० असतो.

तेलशुद्धीकरण कारखान्यांना ही आम्लं नकोशी असतात. २२० ते ४०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ती पोलादी नळ्या कुरतडतात. ठाणे खाडीपलीकडे मुंबईत माहुलला जे शुद्धीकरण चालतं, तसल्या कुठल्याही कारखान्यात कच्चं तेल घेण्यापूर्वी त्याचा आम्लांक बघितला जातो आणि तो ०.५च्या वर गेला की सावधगिरी सुरू होते. रॉकेल किंवा डिझेलचा भाग कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतला की आम्ल सोडियमचा साबण होऊन पाण्यात उतरतं. त्या पाण्यात गंधकाम्ल घातलं की आम्ल पुन्हा वेगळं होऊन वर तरंगतं. रंग पिवळसर ते गडद तपकिरी आणि वास डोक्यात जाणारा, दिवसभर हातावरून न उतरणारा. नकोशा मालातून कामाची वस्तू निघते ती अशी.

तांबं आणि आम्लाचं गणित

कारखान्यात कॉपर नॅफ्थेनेट दोन वाटांनी होतं. एका वाटेने आम्ल आणि तांब्याचा ऑक्साईड, हायड्रॉक्साईड किंवा कार्बोनेट एकत्र तापवून तयार होणारं पाणी उडवून लावतात. दुसऱ्या वाटेने आधी सोडियम नॅफ्थेनेट करून त्यात मोरचुदाचं पाणी सोडतात. हिरवा चिकट साबण खाली बसतो, तो टर्पेंटाईनमध्ये घेऊन उरलेलं सोडियम सल्फेट धुऊन काढतात.

प्रमाण असं निघतं. आम्लांक २०० असेल तर आम्लाचं तुल्यवजन, म्हणजे ५६.१ ग्रॅम (५६,१०० मिलिग्रॅम) पोटॅशला पुरणारं आम्ल, ५६,१०० भागिले २००, म्हणजे २८० ग्रॅम. तांब्याच्या एका अणूला आम्लाचे दोन रेणू लागतात. म्हणून ५६० ग्रॅम आम्लाला ८० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि २५० ग्रॅम मोरचूद. त्यातून जो निव्वळ क्षार मिळतो त्यात तांबं साधारण १० टक्के असतं. बाजारात मिळणारा घट्ट माल सहसा ८ टक्के तांब्याचा असतो. त्यात सुमारे चार-पंचमांश क्षार आणि बाकी द्रावक, असा त्याचा अर्थ.

गडबड होते ती ठरावीक ठिकाणी. सोडा जास्त पडला तर पाणी आणि तेल यांची दुधासारखी घुसळण होते आणि थर वेगळे होत नाहीत. धुणं अर्धवट राहिलं तर मिठाचा गाळ बाटलीच्या तळाला बसतो. पाणी नीट उडवलं नाही तर माल गढूळ राहतो आणि लाकडात एकसारखा शिरत नाही. मोकळं आम्ल उरलं तर पत्र्याचा डबा आतून गंजतो आणि वास तिप्पट होतो. हे काम घरी करायचं नाही: आम्ल-अल्कलीचे चटके, तापलेलं द्रावक आणि आगीचा धोका असा तिहेरी ताप आहे. वर मांडलेलं गणित विकत घेताना प्रश्न विचारता यावेत यासाठी आहे.

विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे आम्ल खरोखर नॅफ्थेनिक आहे का. स्वस्तात पडावं म्हणून वनस्पती तेलांची किंवा टॉल ऑईलची (कागदाचा लगदा करताना लाकडातून निघणाऱ्या तेलाची) सरळ साखळीची आम्लं मिसळून तांब्याचा साबण करता येतो. तोही हिरवा दिसतो, तोही टर्पेंटाईनमध्ये विरघळतो, आणि तांब्याचा टक्का चाचणीत बरोबर भरतो. पण सरळ साखळी जिवाणू-बुरशीला खायला सोपी जाते, वलय पचायला जड जातं. साखळी खाऊन झाली की तांबं उघडं पडतं आणि धुपून जातं. म्हणून नुसता तांब्याचा टक्का पाहून माल घेऊ नये. वापरलेलं आम्ल कोणतं आणि त्याचा आम्लांक किती, हे लेखी मागावं.

हिरवं आणि बिनरंगी

बुरशीला लाकूड खायचं तर साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा, हवा आणि ऊब लागते. नवी मुंबईत तिन्ही गोष्टी जूनपासून मुबलक. बुरशी लाकडावर आपले पाचक रस सोडते, तेव्हा क्षारातलं तांबं हळूहळू मोकळं होऊन तिच्या विकरांना गाठतं आणि ती निकामी करतं. आम्लाचा भागही बुरशीला थोडाफार बाधतो, त्यामुळे दोघांचा मारा मिळून होतो.

जस्ताचा क्षार फिका, जवळपास बिनरंगी असतो. खिडकीची चौकट, दाराची फळी, जिथे लाकडाचा रंग दिसायला हवा किंवा वर रंग चढवायचा आहे, तिथे तो बरा. पण कुजण्याविरुद्ध तांब्याइतका दम त्यात नाही. जमिनीला टेकणाऱ्या लाकडाला जस्त वापरू नये. तांब्याचा हिरवा रंग उन्हा-पावसाने हळूहळू तपकिरी होतो. रंग गेला म्हणजे तांबं गेलं असं नाही.

तांब्याचीही एक उणी बाजू आहे. काही तपकिरी कुज करणाऱ्या बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, ते तांब्याशी बांधलं जाऊन न विरघळणारा कॉपर ऑक्झॅलेट होतो आणि तांबं निष्प्रभ ठरतं. अशी बुरशी एखाद्या जागी असेल तर नियमाप्रमाणे केलेलं कामही लवकर हरतं. जुना कुजलेला खांब काढून त्याच खड्ड्यात नवा उभा करताना जुनी लाकडाची भुशी आणि मुळं पूर्ण उपसून टाकायची, ती यासाठी.

किती, आणि कुठवर

बहुतेक लोकांची इथे निराशा होते, म्हणून हा भाग सावकाश पाहू.

ब्रशने किंवा बुडवून लावायचं द्रावण २ टक्के तांब्याचं ठेवतात. ८ टक्क्यांचा घट्ट माल १ किलो आणि मिनरल टर्पेंटाईन ३ किलो. टर्पेंटाईन हलकं असल्यामुळे ३ किलो म्हणजे जवळजवळ ३.८ लिटर. वजनकाट्यावर मोजा. मापाने १ला ३ धरलं तर द्रावण थोडं जास्त तीव्र होतं, बिघडत काही नाही पण पैसे जातात. जमिनीपासून वर असलेल्या, आडोशाच्या लाकडाला १ टक्काही चालतं, म्हणजे १ किलोला ७ किलो. आधी थोड्या टर्पेंटाईनमध्ये घट्ट माल ढवळून पातळ करा आणि मग उरलेलं घाला. एकदम ओतलं तर तळाशी गोळा राहतो.

आता १० सेंटिमीटर चौरस खांब घ्या. त्याच्या १ मीटर लांबीला ०.४ चौरस मीटर पृष्ठभाग आहे आणि ०.०१ घनमीटर लाकूड आहे. ब्रशने दोन हात दिले तर चौरस मीटरला सुमारे २०० मिलिलिटर द्रावण बसतं, म्हणजे या तुकड्यात ८० मिलिलिटर, वजनाने ६८ ग्रॅम, त्यात तांबं १.३६ ग्रॅम. घनमीटरच्या हिशोबात १३६ ग्रॅम. जमिनीत गाडायच्या लाकडाला दाबाखाली प्रक्रिया करताना घनमीटरला साधारण १ किलो तांबं बसवण्याचं लक्ष्य असतं. ब्रश त्याच्या सातव्या हिश्शालाही पोचत नाही. शिवाय जे बसतं ते वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच. उन्हात खांबाला एक चीर पडली की बुरशीला आत जायला दार उघडतं, आणि आत तांब्याचा थेंबही नसतो.

म्हणून गाडायच्या खांबाला ब्रश हा उपचार नाही. दाबयंत्र हाताशी नसेल तर खांबाचं बूड द्रावणात उभं ठेवायचं. २०० लिटरच्या पिंपात सहा खांब उभे केले तर ६५ सेंटिमीटर उंचीला सव्वाशे लिटर द्रावण लागेल, आणि ते बहुतेक नंतर शिल्लक राहून डोकेदुखी होईल. त्याऐवजी १६० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या, खालचं टोक टोपीने चिकटवून एक पूर्ण दिवस सुकू द्या, आणि पत्र्याच्या परातीत भिंतीला बांधून उभा करा. १० सेंटिमीटर चौरस खांबाचा कर्ण १४ सेंटिमीटरच्या जरा वर भरतो, तो त्यात बसतो आणि ६५ सेंटिमीटर उंचीपर्यंत फक्त ५ लिटर द्रावण लागतं. पातळी खाली जाईल तशी भर घालायची. २४ ते ४८ तास ठेवा.

पुरेसं प्यायलं का, हे काट्यावर कळतं. ६५ सेंटिमीटरच्या भागात ०.००६५ घनमीटर लाकूड आहे. घनमीटरला १ किलोच्या हिशोबाने ६.५ ग्रॅम तांबं हवं, म्हणजे २ टक्क्यांचं ३२५ ग्रॅम द्रावण. खांब आधी तोला, बाहेर काढून निथळल्यावर पुन्हा तोला. वाढ ३२५ ग्रॅमच्या खूप खाली असेल तर एक तर लाकूड ओलं आहे, नाहीतर ते नुसत्या गाभ्याचं आहे. पण नुसत्या वजनावरही विसंबू नका. लाकडाचं कापलेलं टोक बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने पितं, त्यामुळे सगळं द्रावण बुडाच्या चार बोटांत जमून वजन भरल्यासारखं दिसू शकतं. एक खांब बळी द्या: बुडापासून ४० सेंटिमीटरवर करवतीने कापा आणि हिरवं कुठवर गेलं ते बघा. बिनरंगी संरक्षक कुठवर गेलं हे दिसायला वेगळं रसायन शिंपडावं लागतं, इथे तांबं स्वतःच साक्ष देतं.

हिरवा कडा फक्त बाहेरच्या पांढऱ्या भागात दिसेल आणि गाभा कोरडा असेल. ते ठीक आहे, गाभ्यात द्रव सहसा शिरत नाही. सागाचा गाभा स्वतःच्या बळावर टिकतो. सागाचा पांढरा भाग मात्र इतर कुठल्याही जंगली लाकडाइतकाच लेचापेचा असतो. "साग आहे, काही लावायची गरज नाही" हे वाक्य ऐकलं की आधी खांबाच्या कडेला पांढरा पट्टा आहे का ते बघावं.

गाडताना प्रक्रिया केलेला भाग जमिनीच्या वर किमान १५ सेंटिमीटर आला पाहिजे. खांब कुजतो तो खड्ड्याच्या तळाशी नाही. तिथे हवा कमी. मातीच्या रेषेशी ओलावा आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे तो कंबरेत मोडतो.

लाकूड ओलं असेल तर सगळं व्यर्थ

तेल आणि पाणी मिसळत नाहीत, हे लाकडाच्या पोटातही खरं आहे. पेशींच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील तर द्रावण बाहेरच थांबतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आणा. मोजायला यंत्र नसेल तर मधल्या भागातून एक चकती कापा, तोला, १०३ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. कमी झालेलं वजन भागिले कोरडं वजन गुणिले १००, हा ओलाव्याचा टक्का. इथल्या हवेत हे काम फेब्रुवारी ते मे एवढ्यातच उरकावं. जूनमध्ये वखारीत उघड्यावर पडलेला माल आणून जुलैत लावणं म्हणजे टर्पेंटाईनची नासाडी.

सगळी कापाकापी, भोकं, खाचा आधी करून घ्या. प्रक्रियेनंतर करवत चालली तर उघड्या पडलेल्या टोकाला द्रावणाचे दोन-तीन भरपूर हात द्या, टोक पिऊन थांबेपर्यंत. सुतारकामाचा पांढरा डिंक तेलकट लाकडाला धरत नाही, तेव्हा सांधे आधी चिकटवा. रंग द्यायचा असेल तर हिरवं वर झिरपून येतं. कित्येक आठवडे वाळू द्या आणि मध्ये ॲल्युमिनियम प्रायमर किंवा लाखेचा थर घाला. त्यापेक्षा अशा जागी जस्त वापरा.

वाळवी, घुण आणि खाडीतला किडा

वाळवी प्रक्रिया केलेल्या लाकडाला तोंड लावत नाही, किंवा लावलं तर मरते. पण जमिनीतून येणारी वाळवी न खाता त्याच्यावरून मातीची नळी काढून वरच्या बिनप्रक्रियेच्या चौकटीपर्यंत जाऊ शकते. म्हणून इमारतीच्या पायाशी करायचा वाळवी प्रतिबंध हे वेगळं काम आहे. त्यासाठी भारतीय मानक ६३१३ आहे आणि त्यात मातीत देण्याची वेगळी कीटकनाशकं आहेत. नॅफ्थेनेट मातीत ओतून उपयोग नाही. घुण लागलेल्या जुन्या फर्निचरला वरून हात देऊनही आतली अळी मरत नाही; द्रावण तिच्यापर्यंत पोचत नाही.

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे किंवा ठाण्याच्या चेंदणी या कोळीवाड्यांशी ज्यांचा संबंध आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खाऱ्या पाण्यात कायम बुडालेल्या खांबाला किंवा होडीच्या तळाला कॉपर नॅफ्थेनेट पुरत नाही. लाकूड पोखरणारा टेरेडो हा शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे, बुरशी नाही. तो टाचणीएवढ्या भोकातून शिरून आत बोटाएवढा बोगदा करतो. त्याला अडवायला तांब्याचा किंवा फायबरचा पत्रा, नाहीतर दाबाखाली दिलेली जास्त मात्रेची प्रक्रिया लागते. होडीच्या आतल्या बाजूला, बाकांना, वल्ह्यांच्या दांड्यांना मात्र ते उत्तम चालतं, कारण तिथे खरा शत्रू गोड्या पावसाच्या पाण्याने येणारी कुज हाच असतो.

फायबरच्या होड्यांच्या कामात याच कुटुंबातला दुसरा क्षार रोज वापरात आहे: कोबाल्ट नॅफ्थेनेट, जांभळट निळा. तो संरक्षक नाही. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होण्याची क्रिया तो वेगाने चालवतो. कारागीर त्याला नुसतं कोबाल्ट म्हणतात. याबद्दल एकच गोष्ट, पण जिवाची: कोबाल्ट आणि मिथाईल इथाईल किटोन पेरॉक्साईड कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, एकाच मापाच्या भांड्यातूनसुद्धा नाही. स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग पेरॉक्साईड घालायचं.

कापड, दोर, जाळी

सुती जाळ्यांच्या काळात त्या कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवत. जगभर अनेक ठिकाणी त्या जागी कॉपर नॅफ्थेनेट आलं. नायलॉन आल्यावर कुजण्याचा प्रश्न संपला आणि हा वापरही ओसरला. आजही सुती ताडपत्री, तंबूचं कॅनव्हास, तागाचे दोर यांना बुरशी लागू नये म्हणून तांब्याचं किंवा जस्ताचं पातळ द्रावण देतात. कापड हिरवं होतं आणि वास काही दिवस राहतो. धान्याच्या पोत्यांना म्हणूनच ते चालत नाही.

रबराला तांबं विष आहे. तांब्याचे साबण नैसर्गिक रबराचं ऑक्सिडीकरण इतक्या वेगाने घडवतात की ते आधी चिकट होतं, मग तडकतं. रबर चढवलेलं कॅनव्हास, रबरी वॉशर, रबरी चाकं यांना हे द्रावण लागू देऊ नका. हातमोजेही रबरी नकोत, नायट्राईलचे घ्या.

शेती-पशुपालनात किरकोळ वापर आहेत. घोड्याच्या खुराच्या कुजेवर कॉपर नॅफ्थेनेट लावतात. सोव्हिएत काळातल्या अझरबैजानात सोडियम नॅफ्थेनेट पिकाच्या वाढीसाठी वापरत. आपल्याकडे यांतलं काही रोजच्या व्यवहारात नाही, त्यामुळे पुढे जाऊ.

न्हावा शेवाला माल पाठवणाऱ्यांना मात्र एक गैरसमज महागात पडू शकतो. निर्यातीच्या लाकडी खोक्यांना आणि पॅलेटना आंतरराष्ट्रीय नियम लागतो: लाकडाच्या मध्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं, किंवा मान्य केलेली धुरी, आणि त्याचा शिक्का. नॅफ्थेनेट लावलेलं पॅलेट कितीही टिकाऊ असलं तरी त्या शिक्क्याऐवजी चालत नाही.

कायदा, माणूस आणि खाडी

कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या अनुसूचीत कॉपर नॅफ्थेनेटचं नाव आहे. म्हणजे कीड-बुरशी मारण्यासाठी म्हणून ते विकायचं असेल तर नोंदणी लागते. डब्यावर नोंदणी क्रमांक, तांब्याचा टक्का आणि उत्पादनाची तारीख नसेल तर तो डबा घेऊ नका. लाकूड टिकवण्याची संहिता भारतीय मानक ४०१ मध्ये आहे. तिथे संरक्षकांचे तेलाचे, सेंद्रिय द्रावकातले आणि पाण्यात विरघळणारे असे गट केले आहेत आणि तांब्या-जस्ताची नॅफ्थेनेटं मधल्या गटात येतात. आर्सेनिक असलेली आणि पेंटाक्लोरोफिनॉलची संरक्षकं जगभर मागे हटत गेली. पेंटाक्लोरोफिनॉल २०१५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. त्या तुलनेत कॉपर नॅफ्थेनेट माणसाला सौम्य आहे. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ते त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतं. पोळपाट, पाण्याची टाकी, कोंबड्यांचं खाद्याचं भांडं, मुलांचा पाळणा यांना ते लावायचं नाही. रोपवाटिकेच्या वाफ्यांच्या फळ्यांना लावलं तर वास पूर्ण उडेपर्यंत रोपं जवळ ठेवू नका.

खरा तातडीचा धोका द्रावकाचा आहे. मिनरल टर्पेंटाईनची वाफ ३० ते ४० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, आणि मे महिन्यातली ठाण्याची दुपार त्याच टप्प्यात असते. सकाळी लवकर, उघड्यावर काम करा, विडी-सिगारेट आणि ग्राइंडर लांब ठेवा. द्रावण कधीही तापवू नका. चुकून कोणी प्यायलं तर उलटी करवू नका; टर्पेंटाईन फुफ्फुसात गेलं तर पोटापेक्षा जास्त घात करतं. डबा बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा.

आणि खाडी. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला. तांबं माणसाला सहज पचतं त्या मात्रेच्या कितीतरी खाली माशांना आणि शिंपल्यांना मारतं, पाण्यातल्या मायक्रोग्रॅमच्या हिशोबात. नॅफ्थेनिक आम्लही माशांना घातक आहे; कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात तेलवाळूच्या तळ्यांतलं पाणी विषारी ठरतं त्याचं मोठं कारण हीच आम्लं. ब्रश धुतलेलं टर्पेंटाईन गटारात ओतलं की ते नाल्यातून खाडीत जातं, मध्ये ते अडवणारं काही नाही. धुण्याचं टर्पेंटाईन एका डब्यात साठवा आणि पुढच्या वेळी तेच द्रावण पातळ करायला वापरा; ते वाया जात नाही. कारखान्यांचा उरलेला माल तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या सामायिक सुविधेकडेच जायला हवा. प्रक्रिया केलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत, बंबाखाली किंवा होळीत जाळू नका. धुरात आणि राखेत तांबं राहतं.

दरवर्षी गणपती उरकले की गाडलेल्या खांबांच्या बुडाशी १५ सेंटिमीटर माती उकरा आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अंगठ्याच्या जोराने लाकडात दाबा. कडक लागलं तर तो भाग आठवडाभर उन्हाला उघडा ठेवून वाळवा, २ टक्क्यांचे दोन हात द्या आणि माती परत ओढा. टोक सहज आत गेलं तर वरून कितीही हिरवं लावून तो खांब वाचणार नाही. काढून टाका, खड्डा पूर्ण उपसा, आणि नवा खांब फेब्रुवारीत पाइपमध्ये उभा करा.